पहिलं पुस्तक वाचकांपर्यंत नेताना

पहिलं पुस्तक निघालेल्या लेखकांचे प्रश्न थोड्याफार फरकाने सारखेच असतात. ‘प्रकाशन समारंभाला सभागृह भरलं होतं, मग दुकानदार प्रती परत का पाठवतोय?’ ‘प्रकाशक म्हणतात, आता तुम्हीच काहीतरी हातपाय हलवा. म्हणजे नेमकं काय करू?’ ‘फेसबुकवर अभिनंदनाचा पाऊस पडला, विक्री मात्र बोटांवर मोजण्याइतकी.’ असं विचारणाऱ्यांनी पुस्तकासाठी बरीच वर्षं घालवलेली असतात आणि पुस्तक बहुतेकदा चांगलं असतं. पण ते ज्याला हवं आहे त्याला, ते निघालं आहे हेच कळलेलं नसतं.

हा लेख इतिहास, शेती, आरोग्य, पर्यावरण, अर्थकारण, चरित्र, व्यवसायातले अनुभव अशा ललितेतर विषयांवर लिहिणाऱ्यांसाठी आहे. कादंबरीचा वाचक बऱ्याचदा लेखकाचं नाव पाहून पुस्तक उचलतो. ललितेतर पुस्तकाचा वाचक आधी विषय पाहतो, आणि नवोदिताला हीच गोष्ट सर्वांत जास्त उपयोगाची आहे. वीणा गवाणकरांचं ‘एक होता कार्व्हर’ १९८१मध्ये आलं, तेव्हा ते त्यांचं पहिलंच पुस्तक होतं आणि पेशाने त्या ग्रंथपाल होत्या. त्याच्या आवृत्त्या आजही निघतात. तुमचं नाव कोणाला माहीत नसलं तरी चालतं. विषय कोणाच्या जिव्हाळ्याचा आहे, हे मात्र तुम्हाला पक्कं माहीत हवं.

आधी करार नीट वाचा

प्रसाराचं काम प्रकाशक किती करणार आणि तुम्ही किती, हे पुस्तक छापून आल्यावर ठरवायला गेलात तर कटुता येते. सही करण्याआधी विचारा आणि उत्तरं कागदावर घ्या:

- पहिली आवृत्ती किती प्रतींची? हजाराची, पाचशेची, की मागणीनुसार थोड्या थोड्या प्रती छापणार?
- परीक्षणासाठी किती प्रती जातील, कोणाला जातील आणि कोण पाठवणार?
- लेखकाला किती प्रती मोफत? त्यापुढच्या किती टक्के सवलतीने? त्या प्रती तुम्ही व्याख्यानात विकू शकता का?
- प्रकाशन समारंभाचा खर्च कोणाचा?
- ई-बुक, ऑडिओ, अनुवाद, चित्रपट-मालिका यांचे हक्क कोणाकडे?
- विक्रीचा हिशेब वर्षातून केव्हा मिळणार?

कॉपीराइट अधिनियम, १९५७ तुमच्या बाजूने बरंच काही सांगतो. हक्कांचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशी असेल तरच ग्राह्य धरलं जातं. त्यात कोणते हक्क दिले, किती काळासाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि त्याबदल्यात काय मिळणार, हे नमूद असावं लागतं. मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं मानली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. दिलेला हक्क समोरच्याने वर्षभरात वापरला नाही, तर करारात वेगळं काही नसल्यास तो तुमच्याकडे परत येतो. म्हणून ‘सर्व हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असं वाक्य दिसलं की थांबा. ई-बुक काढायचा विचार नसलेल्या प्रकाशकाला ई-बुकचे हक्क द्यायचं कारण नाही.

‘लेखकाने तीनशे प्रती विकत घ्याव्यात’ ही अट हल्ली सर्रास घातली जाते. ती स्वीकारायची की नाही, हा तुमच्या परिस्थितीचा प्रश्न आहे. पण स्वीकारलीत तर पुस्तकात तुमची गुंतवणूक आहे, हे धरूनच सवलत आणि मानधन यांची बोलणी करा. तीनशे प्रती घरात आल्यावर त्या कुठे विकायच्या हे ठरवणं म्हणजे पैसा आणि उमेद दोन्ही गमावणं.

वाचक नावानिशी लिहून काढा

‘माझं पुस्तक सर्वांसाठी आहे’ असं म्हटलं की ते कोणाकडे घेऊन जायचं हेच ठरत नाही. समजा, तुमच्या तालुक्यातल्या जुन्या बारवांवर, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरींवर, तुम्ही पुस्तक लिहिलं आहे. वही घ्या आणि ज्यांचा या विषयाशी रोजचा संबंध येतो त्यांची यादी करा. ज्या गावांतल्या बारवा पुस्तकात आहेत तिथले सरपंच, ग्रामसेवक आणि शाळेचे मुख्याध्यापक. बारवा साफ करणारे तरुणांचे गट. इतिहास संशोधन मंडळाचे सभासद. वास्तुकला महाविद्यालयातले दोन प्राध्यापक. जलसंधारणाचं काम करणाऱ्या संस्था. किल्ल्यांवर सहली नेणारे आयोजक. पुण्या-मुंबईत राहणारी, पण गावाशी नातं टिकवून असलेली मंडळी. आणि लेखनाच्या काळात ज्यांनी तुम्हाला विहीर दाखवली, कागद दिले, चहा पाजला ते सगळे. ही शेवटची यादी लेखक विसरतात, ही फार वाईट गोष्ट आहे. या माणसांना पुस्तक पहिल्या आठवड्यात, हातात नेऊन द्यायला हवं.

नावापुढे तीन रकाने करा: फोन, पुस्तकातलं कोणतं पान त्यांच्या कामाचं, आणि त्यांच्याकडून काय अपेक्षित आहे. कोणी पाच प्रती घेईल, कोणी व्याख्यान ठरवेल, कोणी फक्त अभिप्राय कळवेल. शंभर नावं जमली की तुमच्या प्रसाराचा निम्मा आराखडा तयार झाला. विषय शेतीचा असेल तर यादीत कृषी विज्ञान केंद्र आणि शेतकरी गट येतील. आजारपणाचा असेल तर रुग्णांच्या नातेवाइकांचे मदतगट आणि फॅमिली डॉक्टर येतील.

छापण्याआधीचे सहा महिने

प्रसार पुस्तक निघण्याच्या आधी सुरू होतो. विषयावरचे दोन-तीन स्वतंत्र लेख नियतकालिकांना द्या. पुस्तकातलं प्रकरण जसंच्या तसं द्यायचं असेल तर प्रकाशकाला आधी विचारा. लेखाखाली ‘लेखकाचं या विषयावरचं पुस्तक लवकरच येत आहे’ एवढी ओळ छापून आली तरी पुरे.

प्रकाशनपूर्व सवलत ही मराठी प्रकाशनव्यवहारातली जुनी आणि चांगली रीत आहे. तिच्यामुळे छपाईला पैसा उभा राहतो आणि मागणीचा अंदाजही येतो. मुदत महिना-दीड महिन्याची ठेवा आणि पुस्तक कोणत्या तारखेला हाती पडेल ते स्पष्ट सांगा. ती तारीख पाळता येईल याची प्रकाशकाकडून खात्री केल्याशिवाय पैसे स्वीकारू नका.

मलपृष्ठावरचा मजकूर स्वतः लिहा, निदान पहिला खर्डा तरी. पुस्तकात काय आहे, ते कोणाला उपयोगी पडेल आणि हे लिहिण्याचा तुमचा अधिकार काय, या तीन गोष्टी त्यात हव्यात. ललितेतर पुस्तकाला सूची जरूर जोडा. ग्रंथपाल, पत्रकार आणि अभ्यासक सूची पाहून पुस्तकाची किंमत ठरवतात.

पुस्तक स्वतः प्रकाशित करत असाल तर आणखी दोन कामं तुमच्याकडे येतात. आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. त्यासाठी एजंटला पैसे देऊ नका. आणि १९५४च्या कायद्यानुसार प्रकाशकाने पुस्तकाच्या प्रती प्रसिद्धीनंतर ३० दिवसांत कोलकाता, मुंबई, चेन्नई आणि दिल्ली इथल्या ठरलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायच्या असतात. प्रकाशक तुम्हीच, तेव्हा ही जबाबदारीही तुमचीच.

प्रकाशन समारंभावर किती खर्च करावा?

माझं स्पष्ट मत आहे की कमीत कमी. समारंभ आनंदाचा असतो आणि तो जरूर करावा. पण सभागृह, निमंत्रणपत्रिका, शाली, पाहुण्यांचा प्रवास आणि अल्पोपाहार यांत पन्नास हजार घालवून पुढच्या वर्षभराच्या प्रवासाला आणि टपालाला काहीच उरणार नसेल, तर तो खर्च पुस्तकाच्या मुळावर येतो. वरच्या उदाहरणातलं पुस्तक एखाद्या साफ केलेल्या बारवेपाशी, गावकऱ्यांच्या उपस्थितीत सकाळी प्रकाशित झालं तर खर्च नाममात्र येईल आणि स्थानिक वार्ताहर आपणहून येतील. पाहुणे पुस्तक वाचून बोलणारे निवडा आणि त्यांना प्रत तीन आठवडे आधी द्या. भाषणांनंतर लोक जेवणाकडे वळतात, म्हणून विक्रीचं टेबल दाराशी लावा आणि तिथे घरातल्या दोन माणसांना सुट्टे पैसे व क्यूआर कोड घेऊन बसवा.

परीक्षण आणि ‘साभार पोच’

बहुतेक नियतकालिकं परीक्षणासाठी दोन प्रती मागतात. प्रती पाठवल्या म्हणजे परीक्षण येईलच असं नाही. अनेकदा ‘साभार पोच’मध्ये नाव येतं आणि तेवढ्यावरच थांबतं. संपादकांच्या टेबलावरचा पुस्तकांचा ढीग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना याचं वाईट वाटणार नाही.

नवोदित लेखक ‘लोकरंग’, ‘सप्तरंग’, ‘संवाद’ या रविवारच्या पुरवण्यांकडे डोळे लावून बसतात. तिथे जरूर पाठवा. पुस्तकांनाच वाहिलेलं ‘ललित’ मासिक १९६४पासून निघतं, तिथेही पाठवा. पण तुमच्या विषयाचं नियतकालिक हे तुमचं खरं ठिकाण. शेतीचं पुस्तक ‘अ‍ॅग्रोवन’ला, विज्ञानाचं मराठी विज्ञान परिषदेच्या पत्रिकेला, स्त्रीप्रश्नांवरचं ‘मिळून साऱ्याजणी’ला, सामाजिक-राजकीय विषयावरचं ‘साधना’ला. जिल्ह्याच्या दैनिकाला कमी लेखू नका. तालुक्याच्या पानावर आलेल्या बातमीचं कात्रण तुमचा वाचक काढून ठेवतो.

प्रतीसोबत चार ओळींचं पत्र द्या. थोर परंपरेचा उल्लेख, नम्र विनंतीच्या घड्या, यांची गरज नाही. असं लिहिलंत तरी पुरेल:

‘आमच्या तालुक्यातल्या बारवांची गावनिहाय पाहणी या पुस्तकात आहे. कोणत्या विहिरी उन्हाळ्यातही पाणी धरतात आणि का, याचं तिसरं प्रकरण आपल्या उन्हाळी अंकाला उपयोगी पडू शकेल. छायाचित्रं मीच काढलेली आहेत, ती वापरायला देता येतील. परीक्षण शक्य नसल्यास या विषयावर ८०० शब्दांचा स्वतंत्र लेख मी देऊ शकतो.’

शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. परीक्षणापेक्षा लेख छापून येणं बऱ्याचदा सोपं असतं आणि त्यातून पुस्तकाकडे जास्त लोक वळतात. महिन्याने एकदा फोन करा, त्यापुढे पाठपुरावा नको.

प्रतिकूल परीक्षण आलं तर वाद घालू नका. परीक्षणासाठी पुस्तकातले उतारे वापरण्याची मुभा कायद्यानेच दिलेली आहे. परीक्षकाने वस्तुस्थिती चुकीची सांगितली असेल, तर तेवढ्यापुरतं छोटं पत्र संपादकांना लिहा.

व्याख्यानं: ललितेतर लेखकाचा हमरस्ता

न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने १८७५मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, आणि तेव्हापासून तासभर बसून एखादा विषय ऐकण्याची सवय महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लोकांना लागली. नवरात्रातल्या शारदीय व्याख्यानमाला, गणेशोत्सव, ज्येष्ठ नागरिक संघ, महिला मंडळं, महाविद्यालयांची वाङ्मय मंडळं आणि राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरं, या सगळ्यांना दरवर्षी नवे वक्ते हवे असतात. बेळगाव, गोवा, इंदूर, बडोदा इथेही मराठी वाचनालयं आणि मंडळं असे कार्यक्रम ठरवतात. परदेशातली महाराष्ट्र मंडळं ऑनलाइन व्याख्यान ठेवतात, पण तिथे छापील प्रत पाठवणं महाग पडतं. ई-बुक असेल तरच त्या श्रमाचं चीज होतं.

तीन तारखा कॅलेंडरवर खूण करून ठेवा: २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, २३ एप्रिलचा जागतिक पुस्तक दिन आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. या दिवशी शाळा, महाविद्यालयं आणि ग्रंथालयं वक्त्याच्या शोधात असतात. दोन महिने आधी संपर्क करा.

संयोजकांना विषय कळवताना पुस्तकाचं नाव देऊ नका, प्रश्न द्या. ‘माझ्या पुस्तकाविषयी’ ऐकायला कोणी येणार नाही. ‘आपल्या गावच्या विहिरी का आटल्या?’ या व्याख्यानाला गाव येईल. बोलणं चाळीस मिनिटांत संपवा, पुस्तकातलं एखादंच पान वाचून दाखवा आणि प्रश्नोत्तरांना भरपूर वेळ ठेवा. प्रश्न विचारणारा माणूस पुस्तक घेतो, हे प्रत्येक विक्रेता तुम्हाला सांगेल.

पैशांविषयी संकोच नको. प्रवासखर्च मिळणार का, पुस्तकांचं टेबल लावता येईल का, हे आधीच लेखी विचारून घ्या. छोट्या मंडळांना मानधन परवडत नसेल तर सरळ म्हणा, ‘शाल-श्रीफळ आणि पुष्पगुच्छ नको, त्याऐवजी मंडळाने दहा प्रती घेऊन सभासदांना द्याव्यात.’ बहुतेक संयोजकांना ही सूचना आवडते.

ग्रंथालयं आणि दुकानं

महाराष्ट्रात १९६७च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेली हजारो ग्रंथालयं आहेत. ग्रंथालय संचालनालय शासनमान्य ग्रंथांची यादी तयार करतं. तिच्यासाठी प्रती मागवल्या जातात तेव्हा मुदतीत पाठवल्या गेल्या की नाही, हे प्रकाशकाला विचारा. तुमच्या जिल्ह्यातल्या ग्रंथालयांचे पत्ते जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयात मिळतील. अनुदानाचा हप्ता आला की ग्रंथालयं खरेदीला निघतात, आणि जिल्हा ग्रंथोत्सवात ग्रंथपाल एकाच ठिकाणी भेटतात. एका ग्रंथालयातली प्रत वर्षभरात अनेकांच्या हाती जाते, तेव्हा ‘फुकट वाचतात’ अशी तक्रार मनात आणू नका.

दुकानात प्रती स्वतः ठेवायच्या असतील तर ‘विक्रीनंतर पैसे’ ही पद्धत असते. चलनावर प्रतींची संख्या, सवलतीचा दर, हिशेबाची तारीख लिहून दुकानदाराची सही घ्या. तोंडी व्यवहारात प्रतीही जातात आणि संबंधही बिघडतात. विक्रेता-वितरकांची सवलत साधारण ४० टक्के किंवा त्याहून जास्त असते. हे गृहीत धरूनच किंमत ठरवा.

बुकगंगा, अ‍ॅमेझॉन यांसारख्या ठिकाणी तुमचं पुस्तक अनोळखी वाचकाप्रमाणे शोधून पाहा. लेखकाचं नाव सगळीकडे सारखंच लिहिलं आहे का? मुखपृष्ठ स्पष्ट दिसतं का? नमुन्याची पानं दिसतात का? मराठी पुस्तकं अनेक जण रोमन लिपीत टाइप करून शोधतात, म्हणून नोंदीत नाव दोन्ही लिप्यांत असावं. घरच्यांकडून अ‍ॅमेझॉनवर अभिप्राय लिहून घेऊ नका. ते नियमात बसत नाही आणि काढून टाकले जातात.

टपालाने प्रती पाठवायच्या असतील तर टपाल खात्याने १ मे २०२५पासून सुरू केलेल्या ‘ज्ञान पोस्ट’ सेवेची चौकशी करा. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपयांपासून तिचे दर सुरू होतात, कर वेगळा. कोणती पुस्तकं तिच्यात बसतात, हे टपाल कार्यालयात आधी विचारून घ्या.

मोबाइलवरचा प्रसार

‘माझे पहिले पुस्तक प्रकाशित झाले आहे, सर्वांनी घेऊन प्रोत्साहन द्यावे ही विनंती’ असा संदेश चाळीस गटांवर टाकला की अंगठे येतात, मागणी येत नाही. त्याऐवजी वरच्या यादीतल्या माणसाला वेगळा संदेश लिहा: ‘काका, तुमच्या मळ्यातल्या बारवेचा नकाशा आणि तुम्ही सांगितलेली दुष्काळाची आठवण पुस्तकात आली आहे. त्या पानाचा फोटो सोबत पाठवतो. पुस्तकाची किंमत ३०० रुपये, घरपोच हवं असल्यास पत्ता कळवा.’ वेळ जास्त जातो, पण काका ते पान आपल्या सगळ्या भाऊबंदांना पाठवतात.

फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे देऊन जाहिरात करण्याआधी कागदावर गणित मांडा. पुस्तकाची किंमत ३०० रुपये आणि मानधन १० टक्के, तर एका प्रतीमागे तुम्हाला ३० रुपये मिळतात. ५,००० रुपयांची जाहिरात भरून यायला १६७ जास्तीच्या प्रती विकल्या जायला हव्यात. तेवढ्याच पैशांत आठ-दहा गावांची व्याख्यानं होतात. विषयावरचे दोन-तीन मिनिटांचे छोटे व्हिडिओ मात्र करून पाहा. त्याला फोन आणि दिवसाचा उजेड पुरतो.

इथे सावध राहा

- पैसे भरून मिळणारे पुरस्कार. ‘आपल्या ग्रंथाची निवड झाली आहे, नोंदणीशुल्क भरा’ असं पत्र आलं तर निवड समितीत कोण आहे, आधीच्या वर्षी कोणाला पुरस्कार मिळाला, हे विचारा. पुस्तक पाठवलंच नसताना निवड झाली असेल तर उत्तरही देऊ नका. राज्य शासनाच्या यशवंतराव चव्हाण वाङ्मय पुरस्कारांत विषयवार विभाग आहेत. साहित्य आणि संस्कृती मंडळाची जाहिरात आली की प्रवेशिका वेळेत पाठवा.
- विकत घेतलेली परीक्षणं आणि ‘बेस्टसेलर’ करून देण्याची पॅकेजं. एखाद्या अरुंद विभागात तासभर पहिला क्रमांक मिळवून वाचक मिळत नाहीत.
- फुकटात फिरणारी पीडीएफ. टेलिग्राम किंवा संकेतस्थळावर पुस्तक दिसलं तर स्क्रीनशॉट आणि दुवा जपून ठेवा, प्रकाशकाला कळवा आणि त्या मंचाकडे लेखी तक्रार करा. कॉपीराइट नियम, २०१३नुसार योग्य तक्रार मिळाल्यावर मंचाने ३६ तासांत तो मजकूर बंद करायला हवा. पुढे २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश आणला नाही तर तो पुन्हा खुला होऊ शकतो, म्हणून गंभीर प्रकरणात वकिलाला लगेच भेटा.
- अतिशयोक्ती. आरोग्य, गुंतवणूक, कायदा या विषयांवरच्या पुस्तकाच्या जाहिरातीत ‘हमखास’ हा शब्द वापरू नका. वाचक त्यावर विसंबून औषध बंद करतो किंवा पैसे गुंतवतो.

हिशेब आणि पुढची आवृत्ती

आर्थिक वर्ष संपल्यावर प्रकाशकाकडे विक्रीचा हिशेब लेखी मागा. छापलेल्या, विकलेल्या, परीक्षणार्थ दिलेल्या आणि शिल्लक प्रती, असे चार आकडे त्यात हवेत. मागणं हा तुमचा हक्क आहे आणि सभ्य प्रकाशकाला त्याचा राग येत नाही. उत्तर आलं नाही तर करारातल्या कलमाचा उल्लेख करून नोंदणीकृत पत्त्यावर पत्र पाठवा, आणि ठरावीक काळात विक्रीची काहीच हालचाल नसेल तर हक्क परत मागण्याची बोलणी सुरू करा.

वाचकांनी कळवलेल्या चुका, नवी माहिती, निसटलेली नावं यांची एक वही पहिल्या दिवसापासून ठेवा. ललितेतर पुस्तकात चुका दाखवणारा वाचक सगळ्यात बारकाईने वाचणारा असतो. त्याला उत्तर द्या, दुसऱ्या आवृत्तीत त्याचे आभार माना. पहिल्या आवृत्तीच्या शंभरेक प्रती उरल्या की ही वही प्रकाशकाकडे नेऊन द्या, कारण पुनर्मुद्रणाची पानं एकदा यंत्रावर चढली की दुरुस्तीला जागा राहत नाही.